पंचाचा शब्द आणि कचेरीचा कागद : उटनूर परिसरातील स्थानिक कारभार

स्थानिक कारभार हा विषय नागरिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आपण सर्वांनी वाचलेला असतो. खाली ग्रामपंचायत, तिच्यावर मंडल अथवा तालुका, त्याच्यावर जिल्हा, अशी पायऱ्यांची रचना विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतली जाते. परीक्षेपुरते ते ज्ञान पुरेसे असते. परंतु डोंगरातल्या एखाद्या गुड्यातील मनुष्य आपली तक्रार घेऊन घरातून निघाला, तर तो प्रथम कोणाकडे जातो, त्याचे म्हणणे कोण ऐकतो व कोणत्या भाषेत ऐकतो, आणि ते म्हणणे कागदावर उतरताना त्याचे काय होते, हे प्रश्न पाठ्यपुस्तकात सहसा येत नाहीत. आदिलाबाद जिल्ह्यातील उटनूर हे या प्रश्नांचा विचार करण्यास अत्यंत योग्य ठिकाण आहे. निजामाचे राज्य, १९४८ नंतरचे हैदराबाद राज्य, १९५६ नंतरचे आंध्र प्रदेश आणि २०१४ नंतरचे तेलंगण, अशा चार व्यवस्था या एकाच भूमीने पाहिल्या. प्रत्येक व्यवस्थेने आपापली दप्तरे आणली. येथील कारभाराचा इतिहास हा बोललेला शब्द आणि लिहिलेला कागद यांच्यातील संबंधाचा इतिहास आहे, आणि त्या संबंधावरच असंख्य कुटुंबांची जमीन टिकली किंवा गेली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

परिसर आणि त्याच्या भाषा

उत्तरेस पैनगंगा, पूर्वेस वर्धा व प्राणहिता आणि दक्षिणेस गोदावरी, या नद्यांच्या मधला सातमाळा डोंगरांचा प्रदेश म्हणजे जुना आदिलाबाद जिल्हा. उटनूर त्याच्या मध्यभागी पठारावर वसले आहे. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुकेही याच जिल्ह्यात होते. भाषावार प्रांतरचनेत ते तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले. सीमा आखली गेली. तथापि नातीगोती, बाजार आणि यात्रा सीमेच्या दोन्ही बाजूंना पूर्वीप्रमाणेच चालू राहिल्या. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, कोमरम भीम आसिफाबाद, मंचेरियाल आणि निर्मल असे चार जिल्हे झाले. उटनूर आदिलाबाद जिल्ह्यात राहिले.

येथे भाषांची जी वीण आहे, ती समजून घेतल्याखेरीज कारभार समजत नाही. राजगोंडांची भाषा गोंडी, कोलामांची कोलामी. गोंडांच्या कुळांच्या कथा गोंडीत गाणाऱ्या परधानांच्या घरात मात्र परंपरेने मराठी बोलली जाते. आंध जमातीची भाषा मराठी, नायकपोडांची तेलुगू, बंजाऱ्यांची स्वतंत्र बोली. बाजारात या सर्वांचा व्यवहार दीर्घकाळ मराठीतून होत आला. निजामी अमलात दप्तर मात्र उर्दूत होते आणि पुढे ते तेलुगूत गेले. म्हणजे चुलीपाशी एक भाषा, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी, अशी स्थिती पिढ्यान्‌पिढ्या होती. ज्या भाषेत मनुष्य भांडतो आणि साक्ष देतो, त्या भाषेत त्याच्या जमिनीची नोंद कधीच झाली नाही.

पटला आणि पंच

गोंड गावाचा प्रमुख तो पटला. जंगल तोडून वस्ती करण्यास जो पुढाकार घेई, कुटुंबे जमवी, ग्रामदेवतेची स्थापना करी, त्याच्याकडे हे पद जाई व पुढे बहुधा त्याच्या घराण्यात राही. अनेक गुड्यांची नावे अशा संस्थापक पटलांवरून पडली आहेत. धार्मिक कार्यासाठी देवारी असे. तंटे मिटविण्यासाठी गावातील जाणत्यांची पंच बसे. विवाह, काडीमोड, बैलाने खाल्लेले पीक, शेताचा बांध, कुळाचारातील चूक, असे विषय तिच्यापुढे येत. निर्णय दंडाच्या रूपाने होई आणि पुष्कळदा त्यानंतर एकत्र भोजन होई. त्या जेवणाला महत्त्व होते, कारण दोषी मनुष्याला पुन्हा पंगतीत घेणे हा न्यायाचा शेवटचा भाग मानला जाई.

मोठे तंटे गावाबाहेरच्या पंचांकडे किंवा मोकाशी व राजघराण्यांकडे जात. उटनूरला गोंड राजघराणे होते आणि तेथील जुनी गढी त्याची साक्ष देते. मोकाशी हा शब्द मराठी वाचकाला ओळखीचा आहे. चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेले. राज्य गेले तरी मोकाशी आणि पटला यांचा मान लोकांत टिकला. आजही अनेक गावांचे मिळून ‘राय सेंटर’ भरते व त्याच्या प्रमुखास सरमेडी म्हणतात. कोर्टाची पायरी न चढता मिटणारे तंटे अद्याप तेथे मिटतात.

या व्यवस्थेचे दोषही सांगितले पाहिजेत. पंचांत स्त्रियांना स्थान क्वचितच होते. घराण्याचा दबाव चाले. पण तिचा एक गुण निर्विवाद होता. ज्याचा तंटा असे, त्याला निर्णयाचा प्रत्येक शब्द कळत असे.

कागदाचे राज्य

निजामी अमलात गावात तीन वतनदार अधिकारी आले : महसुलासाठी माली पटेल, बंदोबस्तासाठी पोलीस पटेल आणि दप्तरासाठी पटवारी. यांपैकी पटवाऱ्याच्या हातात खरी सत्ता होती. पहाणीच्या रकान्यात कोणाचे नाव लिहायचे, हे तो ठरवी. गोंड शेतकऱ्याच्या दृष्टीने जमीन ज्याने मोडली व कसली त्याची होती आणि गावाला ते ठाऊक होते. दप्तराच्या दृष्टीने जमीन ज्याच्या नावाने पट्टा झाला त्याची होती. १९२० च्या दशकाच्या अखेरीस काझीपेठ ते बल्लारपूर लोहमार्ग पूर्ण झाला, रस्ते झाले, कापसाला भाव आला आणि मैदानातून शेतकरी, सावकार व व्यापारी मोठ्या संख्येने आले. त्यांना पट्ट्याचे महत्त्व माहीत होते, अर्ज लिहिता येत होता आणि पटवाऱ्याशी त्याच्या भाषेत बोलता येत होते. अनेक गोंड कुटुंबे स्वतःच मोडलेल्या शेतावर कूळ म्हणून उरली.

याच सुमारास जंगले राखीव झाली. राखीव जंगलाची रेषा नकाशावर ओढली गेली तेव्हा तिच्या आत वस्त्या होत्या, फिरत्या शेतीची पडीक राने होती. आज पडीक दिसणारे रान पाच वर्षांनी पुन्हा कसले जाणार आहे, हे नकाशा काढणाऱ्याला दिसत नव्हते. त्यामुळे कसणारा मनुष्य एका सकाळी अतिक्रमण करणारा ठरला. दंड, घरांची जाळपोळ आणि जंगल खात्याच्या शिपायांची मागणी, या सर्वांचा कडेलोट १९४० मध्ये जोडेघाट येथे झाला. कोमरम भीम व त्यांचे सहकारी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. सरकारशी तडजोडीचे प्रयत्न त्याआधी झाले होते. मात्र अर्जांची दाद लागली नव्हती.

जोडेघाटानंतरचा प्रयोग

या घटनेनंतर निजाम सरकारला कारणे शोधणे भाग पडले. ऑस्ट्रियात जन्मलेले मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ हे महायुद्धामुळे हैदराबाद राज्यात राहिले होते. ते व त्यांच्या पत्नी बेटी यांनी मार्लवाई या गोंड गावात मुक्काम केला आणि जमीन व जंगल यांसंबंधी सरकारला अहवाल दिले. महसूल खाते तेव्हा डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांच्याकडे होते. बस्तरच्या माडिया गोंडांवर ग्रंथ लिहिलेला हा अधिकारी असल्यामुळे अहवाल फडताळात पडून राहिले नाहीत. आदिवासींसाठी विशेष अधिकारी नेमले गेले, जमिनीचे पट्टे देण्याची मोहीम सुरू झाली आणि १३५६ फसली, म्हणजे इ. स. १९४६ मध्ये, आदिवासी क्षेत्रासाठी स्वतंत्र विनियम झाला.

या विशेष अधिकाऱ्यांपैकी एक नाव मराठी वाचकांना वेगळ्या कारणाने परिचित आहे. शिवकालाचे व मोगल दप्तरांचे थोर अभ्यासक सेतुमाधवराव पगडी (१९१० ते १९९४) यांनी हैदराबादच्या सेवेत असताना आदिलाबादच्या गोंडांत काम केले. ते गोंडी व कोलामी शिकले आणि त्या भाषांवर त्यांनी लिहिलेही. फारसी दप्तर वाचणारा हा विद्वान गुड्यात जाऊन माणसांचे बोलणे त्यांच्याच भाषेत टिपून घेत होता, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. अर्ज गोंडीत ऐकला गेला आणि त्याचा पट्टा झाला, तेव्हा बोललेला शब्द व कागद यांच्यामधला पटवारी काही काळ बाजूला झाला.

केसलापूर येथे पुष्य अमावास्येला मेस्राम कुळाच्या नागोबाची यात्रा भरते. गोदावरीचे पाणी पायी आणून तेथे पूजा होते. १९४० च्या दशकात हायमेंडॉर्फ यांच्या सूचनेवरून याच यात्रेत अधिकाऱ्यांचा दरबार भरू लागला. हेतू सरळ होता. लोक कचेरीत येण्यास बिचकतात, तर कचेरीने लोकांच्या देवाच्या यात्रेला जावे. ही प्रथा पुढेही चालू राहिली आहे.

कायद्याने बदललेला पुराव्याचा भार

स्वातंत्र्यानंतर हा भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली आला. आंध्र प्रदेशाचा १९५९ चा जमीन हस्तांतरण विनियम १९६३ मध्ये तेलंगणाच्या अनुसूचित क्षेत्रास लागू झाला. त्यानुसार आदिवासीची जमीन बिगरआदिवासीस देण्यास सरकारी परवानगी आवश्यक झाली. पळवाटा निघाल्याच. त्या बुजविण्यासाठी १९७० चा पहिला विनियम झाला. त्याने दोन गोष्टी केल्या. अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगरआदिवासीस देण्याचा व्यवहार, देणारा कोणीही असो, निरर्थक ठरविला; आणि बिगरआदिवासीच्या ताब्यातील जमीन मूळची आदिवासीचीच असल्याचे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विनियम वैध ठरविला.

या दुसऱ्या तरतुदीचा अर्थ नीट पाहावा. तोवर निरक्षर मनुष्याला आपली जमीन आपली असल्याचे कागदाने सिद्ध करावे लागत होते. आता कागद दाखविण्याचा भार दुसऱ्या पक्षावर आला. कायद्याने गावाच्या स्मृतीवर प्रथमच विश्वास ठेवला. अंमलबजावणी मात्र फार मंद राहिली. जमिनीचा असंतोष साचत गेला. २० एप्रिल १९८१ रोजी, सोमवारी, बाजाराच्या दिवशी, इंद्रवेल्ली येथे सभेसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा होता. लोकांनी सांगितलेली संख्या त्याहून कितीतरी मोठी आहे. तेथील स्तंभ आजही त्या दिवसाचे स्मारक म्हणून उभा आहे.

याच काळात कागदाचे दुसरे एक रूप महत्त्वाचे झाले, ते म्हणजे जमातीचा दाखला. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने तेलंगण भागातील लंबाडा, म्हणजे बंजारा, समाज अनुसूचित जमातींच्या यादीत आला. शेजारच्या महाराष्ट्रात तो विमुक्त जातींत गणला जातो. एकाच समाजाला नदीच्या दोन काठांवर दोन वेगळे दर्जे मिळाले आणि जमीन, नोकऱ्या व शाळाप्रवेश यांवरून ताण निर्माण झाला. २०१७ मध्ये त्याचे तीव्र पडसाद उटनूर परिसरात उमटले. दोन्ही बाजूंना गरीब माणसेच होती, याचा विसर पडू नये.

आजची रचना आणि एक उदाहरण

पटेल व पटवारी ही वतनी पदे आंध्र प्रदेशात १९८४ मध्ये रद्द झाली. त्यानंतर तालुक्यांच्या जागी लहान मंडले आली आणि कचेरी काहीशी जवळ आली. पाचव्या पंचवार्षिक योजनेत आखलेल्या आदिवासी उपयोजनेतून उटनूरला एकात्मिक आदिवासी विकास संस्था उभी राहिली. आश्रमशाळा, आरोग्य, शेतीसाहाय्य ही कामे तिचा प्रकल्प अधिकारी पाहतो. जिल्ह्यांचे विभाजन झाल्यावरही या संस्थेचे क्षेत्र जुन्या आदिलाबादभर राहिले. १९९६ मध्ये संसदेने पेसा कायदा केला. राज्याचा कायदा १९९८ मध्ये झाला व नियम २०११ मध्ये आले. परंपरेनुसार आपला कारभार चालविणारी वस्ती म्हणजे गाव, अशी व्याख्या या कायद्याने केली आणि तंटे मिटविण्याची पारंपरिक पद्धत जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. २००६ चा वनहक्क कायदा त्यापुढे गेला. त्याच्या नियमांनुसार दाव्याच्या पुराव्यांत, दावेदाराव्यतिरिक्त अन्य वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदन ग्राह्य आहे. पंचाच्या शब्दाला पुराव्याचा दर्जा मिळाला. तेलंगणाच्या २०१८ च्या पंचायत राज कायद्याने अनेक गुडे व तांडे स्वतंत्र ग्रामपंचायती झाले, आणि अनुसूचित क्षेत्रात सरपंचपद अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे.

या संस्था एकमेकींशी कशा जोडल्या आहेत, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, एका गुड्यातील कोलाम स्त्रीचा पती निवर्तला. घराकडे दोन तुकडे आहेत. एक पट्ट्याचा, तोही अजून सासऱ्याच्या नावावर. दुसरा जंगलातला, वनहक्काचा. गावात वाटणीविषयी वाद नाही, कारण पटला व शेजारी यांना सर्व माहीत आहे. तरीही तिला प्रथम पंचायत सचिवाकडून मृत्यूची नोंद हवी. पट्ट्याच्या तुकड्यासाठी वारसाची नोंद तहसील कचेरीत होईल, आणि तेथे सासऱ्याच्या मृत्यूचाही दाखला लागेल, जो बहुधा कोणी काढलेलाच नसतो. वनहक्काच्या तुकड्याचे तसे नाही. तो हक्क वारसाने मिळतो, विकता येत नाही, आणि कायद्याप्रमाणे पती व पत्नी दोघांच्या नावे संयुक्त असतो. हक्कपत्र नीट झाले असेल तर ती आजही मालक आहे. ते झालेलेच नसेल, तर ग्रामसभेची वनहक्क समिती, उपविभागीय समिती आणि जिल्हास्तरीय समिती, अशा तीन पायऱ्या तिच्यापुढे आहेत. एक तुकडा जुन्या कायद्याच्या कागदावर अडला, दुसरा नव्या कायद्याच्या कागदाने वाचू शकतो. दोन्ही ठिकाणी प्रश्न हाच आहे की, गावाला जे ठाऊक आहे ते योग्य वेळी कोणी लिहून ठेवले काय.

संगणकाच्या आगमनाने हा प्रश्न मिटला, असे मानण्याचे कारण नाही. २०२० मध्ये तेलंगणात ‘धरणी’ ही संगणकीय भूनोंद पद्धत आली आणि गावपातळीवरील महसूल अधिकाऱ्याचे पद रद्द झाले. जुन्या पहाणीत असलेला कसणाऱ्याच्या नावाचा रकाना या पद्धतीत राहिला नाही. तक्रारी वाढल्यामुळे २०२५ मध्ये तिच्या जागी ‘भूभारती’ कायदा आला. नोंद यंत्रात गेली तरी तिच्यात नाव भरणारा मनुष्यच असतो.

दूरच्या एका नगराची तुलना

हा प्रश्न केवळ डोंगराळ भागाचा किंवा आपल्याच देशाचा नाही. मध्य आफ्रिकेतील काँगोची राजधानी किन्शासा ही कोट्यवधींची नगरी आहे. तिचे २४ ‘कम्यून’ आहेत, प्रत्येकाचा प्रमुख बुर्गमेस्तर, आणि कम्यूनखाली मोहल्ले. मोहल्ल्याचा प्रमुख हा सामान्य माणसाला भेटणारे सरकारचे पहिले रूप होय. तेथील रस्त्यावरची भाषा लिंगाला आहे आणि दप्तराची भाषा फ्रेंच, जी बेल्जियमच्या वसाहतकाळापासून चालत आली. मोहल्ल्यातील भांडण एका भाषेत होते आणि त्याचा कागद दुसऱ्या भाषेत तयार होतो. राज्य परके असो वा स्वकीय, शहर असो वा गुडा, लोकांच्या व दप्तराच्या भाषांत अंतर पडले की मधला माणूस बलवान होतो. उटनूरच्या पटवाऱ्याचे सामर्थ्य असेच निर्माण झाले होते.

शाळेचे काम

हे अंतर कमी करण्याचे साधन म्हणून शाळेकडे पाहण्याची परंपरा या भागात जुनी आहे. १९४३ मध्ये मार्लवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. मराठी लिहिता-वाचता येणारे काही गोंड तरुण प्रथम निवडले गेले आणि गोंडीची प्राथमिक पुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली. त्या केंद्रातून शिक्षक निघाले, तसेच पुढे कचेऱ्यांत काम करणारेही निघाले. गोंडी जाणणारा लेखनिक कचेरीत असणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. बेटी हायमेंडॉर्फ १९८७ मध्ये निवर्तल्या आणि त्यांची समाधी मार्लवाईतच आहे. अलीकडच्या काळात नारनूर मंडलातील गुंजाळा येथे गोंडीची स्वतंत्र लिपी असलेली हस्तलिखिते प्रकाशात आली आणि २०१८ मध्ये त्या लिपीला संगणकाच्या जागतिक युनिकोड संकेतप्रणालीत स्थान मिळाले.

दुसऱ्या बाजूस, अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकांच्या सर्व जागा स्थानिक अनुसूचित जमातींसाठी राखणारा २००० सालचा शासकीय आदेश सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२० रोजी रद्द केला. समान संधीच्या तत्त्वावर न्यायालयाने दिलेल्या या निर्णयाची चर्चा येथे करावयाची नाही. मुलाची भाषा जाणणारा शिक्षक वर्गात कसा राहील, हा प्रश्न मात्र त्यानंतर अधिक निकडीचा झाला आहे.

विद्यार्थ्यांपुढे या निमित्ताने एक काम ठेवावेसे वाटते. प्रत्येकाने आपल्या घरातील जमिनीचा कागद, पासबुक असो वा वनहक्काचे पत्र, एकदा पूर्ण वाचावा. त्यावर नाव कोणाचे आहे, सर्व्हे क्रमांक कोणता, क्षेत्र किती, आईचे नाव आहे की नाही, हे वहीत उतरवून घ्यावे. नंतर आजी-आजोबांना विचारावे की, हे शेत प्रथम कोणी मोडले, त्याच्या चारी बाजूंना कोणाची शेते होती, बांधावर कोणते झाड होते. त्यांचे उत्तर त्यांच्याच भाषेत, तारीख घालून, लिहून ठेवावे. कागद आणि ते उत्तर यांत जेथे फरक दिसेल, तेथे वडिलांना घेऊन ग्रामसभेत जावे आणि तो फरक नोंदवावा. हे काम वडीलधारी माणसे हयात आहेत तोवरच होण्यासारखे आहे.